कार्यारंभ आदेशानंतर बदलणारे काम

सरकारी कामाचे अंदाजपत्रक जमीन खोदण्याआधी तयार होते. पुलाचा पाया तीन मीटरवर मिळेल असे त्यात धरलेले असते. खोदाईत तो साडेचार मीटरवर लागतो. नकाशात नाला सरळ असतो, जागेवर त्याने वळण घेतलेले असते. अंदाजपत्रक आणि कार्यारंभ आदेश यांच्यामध्ये दोन पावसाळे गेले तर रस्त्याचा जुना थर वाहूनही गेलेला असतो. म्हणून निविदा मंजूर झाल्यावर कामात बदल होणे यात वावगे काही नाही. सरकारी करारनामाही बदल होणारच असे धरून लिहिलेला आहे. कंत्राटदाराचे पैसे अडकतात ते बहुधा क्रम चुकल्यामुळे: आधी काम, मग मोजमाप आणि शेवटी आदेशाची शोधाशोध.

महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाचे दोन नमुने सर्वाधिक वापरात आहेत: टक्केवारी दराचा बी-१ आणि बाबनिहाय दराचा बी-२. इतर खाती आणि जिल्हा परिषदाही थोड्याफार फरकाने तेच वापरतात. बदलाशी संबंधित मुख्य कलमे चार आहेत. नकाशा, तपशील आणि नव्या बाबींसाठी क्लॉज १४, काम कमी करणे किंवा थांबवणे यासाठी १५, परिमाण वाढण्यासाठी ३८ आणि मुदतवाढीसाठी ६. यांची दारे वेगळी आहेत. खोदाई वाढली हा ३८ चा विषय; मुरमाच्या भरावाऐवजी दगडी भराव सांगितला तर तो १४ चा. एकाच अर्जात दोन्ही कालवले की उपविभागातून ‘स्वतंत्र प्रस्ताव सादर करावेत’ असा शेरा मारून कागद परत येतो आणि महिना जातो. विशेष अटींमध्ये काही वेळा ही कलमे बदललेली असतात. त्यामुळे हातात असलेल्या निविदेचीच प्रत वाचणे बरे, मागच्या कामाची नाही.

बदल सांगण्याचा अधिकार कोणाला, हा पहिला प्रश्न. क्लॉज १४ नुसार तो प्रभारी अभियंत्याला, म्हणजे व्यवहारात कार्यकारी अभियंत्याला आहे आणि आदेश त्याच्या सहीने लेखी हवा. साइटवर मात्र बदल सांगतो तो शाखा अभियंता, उपअभियंता, कधी पाहणीला आलेले वरिष्ठ आणि पुष्कळदा सरपंच किंवा आमदारांचे स्वीय सहायक. यांच्यापैकी कोणाच्याही शब्दाने सरकार बांधले जात नाही. संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे राज्याचा करार राज्यपालांच्या नावे आणि प्राधिकृत व्यक्तीनेच करायचा असतो. त्यातल्या बदलालाही तेच तत्त्व लागू पडते.

तोंडी सांगण्यावरून केलेल्या कामाचे काय होते, याचे उदाहरण जुने आहे पण आजही न्यायालयात सांगितले जाते. १९४४ मध्ये बंगालच्या हुगळी जिल्ह्यात आरामबाग येथे बी. के. मंडल अँड सन्स या पेढीने नागरी पुरवठा खात्यासाठी तात्पुरती गोदामे बांधली. मग स्थानिक अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, स्वयंपाकघर, कारकुनांची खोली असे जादा कामही केले. कायद्याला हव्या त्या नमुन्यात त्याचा करार झालेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने करार वैध नाही हे मान्य केले. मात्र भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० खाली सरकारने लाभ ठेवून घेतला म्हणून भरपाई द्यावी असे ठरवले. निकाल डिसेंबर १९६१ चा. कलम ७० हा मार्ग आहे खरा, पण तो सतरा वर्षांचाही असू शकतो.

तोंडी सूचना मिळाल्यावर काम ताडकन नाकारणे व्यवहारात जमत नाही आणि शहाणपणाचेही नसते. त्याऐवजी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कार्यकारी अभियंत्याला पत्र द्यावे आणि त्याची प्रत उपविभागाला द्यावी. मजकूर असा असला तरी पुरतो: ‘दि. १२ रोजी लहान पुलाच्या पाहणीवेळी डाव्या तीराच्या पायाची खोली ३.०० मी. ऐवजी ४.५० मी. करण्याबाबत उपअभियंता यांनी तोंडी सूचना दिल्या. त्यामुळे कठीण खडकातील खोदाई निविदा परिमाणापेक्षा अंदाजे ३०० घ.मी. ने वाढेल. तरी लेखी आदेश व सुधारित नकाशा मिळावा. ३.०० मी. पर्यंतचे काम पूर्ण असून पुढील काम आदेशाअभावी थांबले आहे. या काळाच्या मुदतवाढीचा हक्क राखून ठेवीत आहोत.’ पत्रात तक्रारीचा सूर नको. तारीख, जागा, कोण बोलले, किती वाढ आणि काय हवे, एवढे पुष्कळ. पत्र बारनिशीत देऊन आवक शिक्क्याची पोच घ्यावी. साइट ऑर्डर बुकातली नोंद उपयोगी असते, व्हॉट्सअॅपवरचा फोटोही असतो, पण दोन्ही पुरावे आहेत, आदेश नव्हेत.

परिमाण वाढल्यावर दर कसा निघतो हे क्लॉज ३८ सांगते. निविदेतील परिमाणे ढोबळ आहेत असे ते सुरुवातीलाच म्हणते. एखादी बाब २५ टक्क्यांपर्यंत वाढली तर निविदेचाच दर. त्यापुढच्या परिमाणाची निविदा दराने होणारी रक्कम ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल, तर त्या पुढच्या भागाला नवा दर लागतो. नवा दर म्हणजे चालू दरसूचीचा दर (तो नसेल तर बाजारभाव), आणि त्यावर मूळ निविदा अंदाजपत्रकाच्या जितके टक्के वर किंवा खाली होती तितके टक्के वाढ किंवा घट.

वरच्या पुलाचेच उदाहरण घ्यावे. कठीण खडकातील खोदाई निविदेत ४०० घनमीटर, अंदाजपत्रकी दर ६०० रुपये, आणि काम ‘पंधरा टक्के बिलो’ गेलेले. म्हणजे कंत्राटदाराचा दर ५१० रुपये. प्रत्यक्षात खोदाई ७०० घनमीटर झाली. ४०० वर २५ टक्के म्हणजे ५०० घनमीटरपर्यंत ५१० रुपयांनीच २,५५,००० रुपये. उरलेल्या २०० घनमीटरसाठी चालू दरसूची पाहायची. तिथे दर ६६० झाला असेल तर त्यातून पंधरा टक्के वजा करून ५६१ रुपये आणि त्याचे १,१२,२०० रुपये. एकूण ३,६७,२०० रुपये. सगळी ७०० घनमीटर खोदाई नव्या दराने मागणारा कंत्राटदार आणि सगळी जुन्या दराने बसवणारा लेखालिपिक, दोघेही चुकतात. दरसूचीतला दर मधल्या काळात उतरला असेल तर पुढच्या भागाला उतरलेलाच दर मिळतो, हेही ध्यानात ठेवलेले बरे. ही जादा खोदाई लेखी आदेशानेच करायची आहे, हे कलमात स्पष्ट आहे.

२५ टक्क्यांची ही रेघ बी-२ नमुन्यात जास्त महत्त्वाची ठरते. तिथे प्रत्येक बाबीचा दर कंत्राटदार स्वतः भरतो. अनुभवी माणूस नकाशा पाहून ओळखतो की खडक अंदाजापेक्षा जास्त निघणार आणि विटकाम कमी होणार. तो खडकाचा दर चढा आणि विटकामाचा दर अगदी उतरता भरतो. एकूण बेरजेत त्याची निविदा सर्वांत कमी ठरते. काम सुरू झाल्यावर खडक वाढतो आणि स्वस्त निविदा महाग होते. क्लॉज ३८ त्याला वेसण घालते, पण २५ टक्क्यांच्या आत नाही. निविदा उघडताना असे बेताल दर ताडून पाहणे हे विभागाचे काम आहे. परिमाण वाढल्यावर फाइलवर आश्चर्य व्यक्त करण्याला अर्थ नसतो.

जादा बाब म्हणजे करारात दरच नसलेले काम. यात क्लॉज १४ कंत्राटदाराला फारसे झुकते माप देत नाही. विभागाच्या दरसूचीत त्या कामाचा दर असेल तर तो किंवा उभयपक्षी ठरलेला दर, यांपैकी कमी असेल तो. दरसूचीत दर नसेल आणि दर ठरण्याआधीच काम करायला सांगितले असेल, तर आदेश मिळाल्यापासून सात दिवसांत कंत्राटदाराने आपला दर लेखी कळवायचा असतो. तो अभियंत्याला मान्य नसेल तर आदेश रद्द करून काम दुसऱ्या मार्गाने करून घेण्याची मुभा त्याला आहे. खरा काटा पुढे आहे: दर ठरण्याआधी कंत्राटदाराने काम सुरू केले, तर तोपर्यंतच्या कामाला अभियंता ठरवील तोच दर मिळतो आणि वाद झाल्यास अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम. सात दिवसांची ही मुदत बहुतेक जण पाळत नाहीत, कारण ती माहीत नसते. दर कळवताना नुसता आकडा लिहू नये. साहित्य, वाहतूक, मजुरी आणि यंत्र यांचे दर पृथक्करण जोडावे आणि पुरवठादारांची दरपत्रके लावावीत. ईआयआरएल म्हणून जी जादा बाबींची दरयादी मंजुरीला वर जाते, तिचा पायाच हे पृथक्करण असते. ते नसेल तर उपविभागात कोणीतरी आपल्या सोयीने तयार करतो.

जादा बाब मागण्याआधी मूळ बाबीचे वर्णन पुरते वाचले पाहिजे. खोदाईच्या बाबीत पाणी उपसणे, बाजूंना टेकू देणे, माल ठरावीक अंतरापर्यंत नेऊन टाकणे हे पुष्कळदा समाविष्ट असते. त्याचे वेगळे पैसे मागितले की नकार येतो, आणि त्या नकाराची सावली शेजारच्या खऱ्या मागणीवरही पडते.

आदेश आणि दर दोन्ही हातात असले तरी मोजमाप नसेल तर देयक होत नाही. पाया काँक्रिटने झाकला की खडक किती खोल होता हे कोणालाच सिद्ध करता येत नाही. म्हणून झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक कामाचे मोजमाप झाकण्याआधी संयुक्तपणे घ्यावे: खोदाईपूर्वीच्या आणि नंतरच्या लेव्हल, मऊ मुरूम, कठीण मुरूम आणि खडक यांचे वर्गीकरण, आणि मोजमाप पुस्तकात दोघांच्या सह्या. खडकाचे वर्गीकरण हा नेहमीचा वाद. सुरुंग किंवा ब्रेकर लावावा लागला तर त्या दिवशीच उपअभियंत्याला बोलावून पाहणी टिपण करून घ्यावे. अधिकारी आले नाहीत तर मोजणीची तारीख लेखी कळवावी, त्या दिवशी मोजून फोटोसह पत्र द्यावे. महालेखापालांचे पथक दोन वर्षांनी येते तेव्हा साइट नसते, पुस्तक असते.

विभागाच्या बाजूने अडचण पैशाच्या मंजुरीची असते आणि कंत्राटदाराने तीही समजून घेतली पाहिजे. प्रशासकीय मान्यता एका रकमेची, तांत्रिक मान्यता एका अंदाजपत्रकाची. बदलांमुळे खर्च या मर्यादांबाहेर गेला की सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे कार्यालयीन भाषेतली ‘सुप्रमा’, घ्यावी लागते आणि ती येईपर्यंत वाढीव रक्कम देता येत नाही. सिंचन प्रकल्पांच्या वाढत गेलेल्या किमतींवरून राज्यात गदारोळ झाला, डिसेंबर २०१२ मध्ये डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले गेले आणि त्याचा अहवाल २०१४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. त्यानंतर वाढीव खर्चाच्या फाइलीवर सही करताना अधिकाऱ्याचा हात जड झाला तर नवल नाही. शहाणा उपअभियंता त्यामुळेच वाढ दिसू लागताच, काम निम्म्यावर असतानाच, सुधारित परिमाणांचा तुलनात्मक तक्ता वर पाठवतो. अंतिम देयकाबरोबर पाठवलेला तक्ता संशयानेच वाचला जातो.

याच्या उलट मोहही असतो. निविदा वीस टक्के कमी दराने गेली म्हणजे तेवढी रक्कम शिल्लक आहे, ती त्याच कंत्राटदाराकडून शेजारच्या वस्तीचा रस्ता करून खर्चावी, असा आग्रह गावागावांत होतो. ती रक्कम कंत्राटदाराची नसते आणि उपविभागाचीही नसते. मूळ मान्यतेत नसलेल्या कामावर बचत वळवायला मान्यता देणाऱ्या प्राधिकाऱ्याचीच परवानगी लागते.

बदलाची आणखी एक मर्यादा आहे. बदल एवढा मोठा असेल की मूळ काम ओळखू येत नाही, तर तो बदल राहत नाही. ते निविदेशिवाय दिलेले नवे काम ठरते. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरील उपाहारगृहाच्या निविदेवरून झालेल्या रमणा दयाराम शेट्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितले की सरकारी संस्थेने स्वतः घातलेल्या अटी तिच्यावरही बंधनकारक असतात. अट शिथिल होणार हे माहीत असते तर इतरही निविदा भरायला आले असते, हा त्यामागचा विचार. निकाल निविदेच्या अटींचा असला तरी मुद्दा मंजुरीनंतरच्या बदलांनाही लागू पडतो: इतर निविदाधारकांना हे काम माहीत असते तर त्यांनी वेगळा दर भरला असता का, हे विचारून पाहावे. राष्ट्रीय महामार्गांच्या ईपीसी करारनाम्यात ही मर्यादा आकड्यात आहे. उभयपक्षी वेगळे ठरले नसेल तर कामाच्या व्याप्तीतील सर्व बदल मिळून करारमूल्याच्या १० टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत. महानगरपालिकांमध्ये महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ७३ मुळे मूळ कंत्राटाला लागणारी मंजुरीची तरतूद कंत्राटातील बदलालाही लागते. त्यामुळे आयुक्तांच्या अधिकाराबाहेरचे बदल स्थायी समितीपुढे जातात.

मुदतीचा हिशेब वरवर सोपा दिसतो. क्लॉज १४ प्रमाणे वाढीव कामाचा खर्च मूळ खर्चाच्या ज्या प्रमाणात, त्या प्रमाणात मुदत वाढते. एक कोटीचे काम, मुदत बारा महिने आणि वाढ पंधरा लाखांची, तर मुदतवाढ १.८ महिन्यांची. पण कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मे महिन्यात पायाची खोली वाढली तर १.८ महिन्यांना काही अर्थ नाही. जूनमध्ये नाला भरतो आणि काम थेट दिवाळीनंतर सुरू होते. ही सहा महिन्यांची भर प्रमाणाच्या सूत्रात बसत नाही. तिच्यासाठी क्लॉज ६ खाली वेगळा अर्ज लागतो आणि त्याची मुदत कडक आहे: अडथळा आल्यापासून ३० दिवस किंवा कामाची मूळ मुदत संपण्याची तारीख, यांपैकी आधी येईल ती. अर्जाला पावसाच्या नोंदी, आदेश मिळाल्याची तारीख आणि उरलेल्या कामाचा सुधारित कार्यक्रम जोडावा. मुदतवाढीचा आदेश आला की शेवटच्या दोन ओळी आधी वाचाव्यात. मुदतवाढ दंडाविना आहे का, आणि तिच्यात भाववाढ धरली आहे का? ‘भाववाढीशिवाय’ असा शब्द असेल आणि तो मान्य नसेल तर तेव्हाच लेखी कळवले पाहिजे. बँक गॅरंटी आणि विम्याची मुदत याच वेळी वाढवून घ्यावी. ती उलटून गेलेली दिसली की चालू देयकही थांबते.

काही बदल कोणी आदेश न देताच होतात. १८ जुलै २०२२ पासून बहुतेक सरकारी बांधकाम कंत्राटांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. ज्या निविदांत कर वेगळा दाखवला होता तिथे फरकाची मागणी सरळ होती; दर ‘सर्व करांसह’ असलेल्यांना करारात कायदा बदलाचे कलम आहे का, हे शोधावे लागले. सिमेंट, पोलाद आणि डांबराच्या भावातील चढउतार स्टार रेटने आणि इतर भाववाढ निर्देशांकाच्या सूत्राने मिळते; तीही करारात कलम असेल तरच.

काम कमी झाले तर क्लॉज १५ लागू होते. न मिळालेल्या नफ्याची भरपाई त्यात नाही, हे कटू असले तरी स्पष्ट आहे. विभागाने लेखी नोटीस देऊन काम थांबवले आणि थांबा सलग ३० दिवसांपेक्षा किंवा एकूण ६० दिवसांपेक्षा जास्त झाला, तर काम पुन्हा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत साइटवर अडकलेल्या यंत्रांच्या नुकसानीसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी कोणते यंत्र कोणत्या तारखांना उभे होते याची रोजची नोंद लागते. जेसीबी त्या काळात दुसऱ्या साइटवर चालत होता असे डिझेलच्या बिलांवरून दिसले, तर मागणी तिथेच संपते.

मिटत नसलेली मागणी अंतिम देयकाआधी लेखी नोंदवावी. अंतिम देयकावर ‘पूर्ण व अंतिम, कोणतीही मागणी शिल्लक नाही’ असे लिहून सही केली की पुढची वाट अवघड होते. सही करणे भाग असेल तर कोणत्या बाबींवर हरकत आहे ते त्याच दिवशीच्या पत्रात लिहून पोच घ्यावी. बी-१ मध्ये सहसा लवादाची तरतूद नसते. वाद क्लॉज ३० प्रमाणे अधीक्षक अभियंत्याकडे जातो, त्यांच्या निर्णयावर ३० दिवसांत मुख्य अभियंत्याकडे अपील करता येते, आणि त्यानंतर दिवाणी न्यायालय. केलेल्या कामाच्या पैशासाठी, देयकाची तारीख करारात ठरलेली नसेल तर, मुदत कायद्याने काम झाल्यापासून तीन वर्षे दिलेली आहेत. स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ती वाढत नाहीत. मुदत संपण्याआधी विभागाने सहीनिशी देणे कबूल केले, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षे मोजली जातात.